अंड्यातली लाल जाळी: नकाशा आधीच ठरलेला असतो की वाहता वाहता ठरतो?

कोवळं_ऊन
पहिल्यांदाच उबवणी यंत्रात सहा अंडी ठेवली आहेत, कोंबडीची. काल पाचवा दिवस होता. रात्री खोलीत मिट्ट अंधार केला आणि एकेका अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च टेकवून पाहिलं. चार अंड्यांत मधोमध गडद ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या लाल रेघा दिसल्या, जणू कोळी पाय पसरून बसलाय. एक अंडं कोरं होतं. एकात फक्त बांगडीसारखं लाल कडं, आत काहीच नाही.

चारही कोळी पेन्सिलीने वहीत उतरवून घेतले. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन जाड फाटे चौघांतही आहेत. त्यापुढच्या बारीक फांद्या मात्र कुठल्याच दोन अंड्यांत जुळत नाहीत, आणि सगळी अंडी एकाच कोंबडीची आहेत.

म्हणून प्रश्न असा की ही जाळी कुठल्या नकाशावरून विणली जाते? नकाशा असेल तर चौघांचे नक्षीकाम वेगळं कसं, आणि नसेल तर दोन मोठे फाटे दर वेळी जागच्या जागी कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (टॉर्च माझा आहेच.)

आळशी_मांजर
धाग्याला खूण लावून ठेवली आहे. अंड्यावर बसल्यासारखा बसतो इथे.

खुडूक
आधी कामाचं बोलू. कोरं अंडं फळलेलंच नाही. लाल कड्याचं अंडं मात्र आजच बाहेर काढा. तो जीव दोन-चार दिवसांतच गेलेला आहे. जाळीच्या कडेने एक गोल शीर असते, आतल्या वाहिन्या मोडल्या की रक्त त्या कडेला गोळा होतं आणि कडं तेवढं उरतं. यंत्रात ठेवलंत तर कुजेल, आणि कुजकं अंडं फुटल्याचा वास एकदा घेतला की माणूस पुन्हा कोंबड्यांच्या नादी लागत नाही.

अंडी फिरवताय ना दिवसातून चार-पाच वेळा? न फिरवलेल्या अंड्यात जाळी पसरतच नाही नीट.

कोवळं_ऊन
काढलं. फिरवते आहे. आणि आपण थर्मामीटर झाकणाला चिकटवून ठेवला होता हेही आज कळलं. वर ३८ दाखवत होता, अंड्यांपाशी किती होतं ते त्या अंड्यांनाच ठाऊक. त्या कड्यात माझाही हात असणार.

निवृत्त_मास्तर
फार चांगला प्रश्न. वर्गात असा एक जरी आला असता तरी तास सार्थकी लागला असता.

आधी क्रम पाहू. अंडं ऊब घेऊ लागलं की पहिल्या दिवसाच्या अखेरीस बलकावर पसरलेल्या भ्रूणाच्या नाण्याएवढ्या चकतीच्या कडेच्या भागात पेशींचे बारीक पुंजके दिसू लागतात. त्यांना रक्तद्वीपं म्हणतात. क्रिस्टियान पांडरने १८१७ साली कोंबडीच्याच भ्रूणात त्यांचं वर्णन केलं. पुंजक्याच्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन भिंत बनतात, आतल्या पेशींच्या होतात तांबड्या रक्तपेशी. मग शेजारशेजारची बेटं एकमेकांना जोडली जातात आणि त्यातून मधमाशीच्या पोळ्यासारखी एक जाळी तयार होते. सगळ्या नळ्या जवळपास सारख्याच बारीक. ना कोणी रोहिणी (धमनी), ना कोणी नीला (शीर).

आता मौज बघा. या वेळी हृदय नीट चालूच झालेलं नसतं. ते साधारण ३३ ते ३८ तासांच्या दरम्यान थरथरू लागतं आणि रक्त खरोखर फिरू लागायला आणखी काही तास जातात. म्हणजे रस्ते आधी आणि गाड्या नंतर.

आळशी_मांजर
रस्ते आधी? मग हे अंडं नक्की परग्रहावरचं आहे.

नदीकाठ
मी पाण्याच्या क्षेत्रातला माणूस, जीवशास्त्राशी संबंध शाळेपुरता. पण ताईंच्या प्रश्नात मला नदी दिसते. डोंगरउतारावर पाऊस पडला की कोणी नकाशा काढून देत नाही, पाणी आपली वाट काढतं. दोन शेजारच्या उतारांवरचे ओहोळ कधी सारखे नसतात, तरी मोठी नदी खोऱ्याच्या तळातूनच जाते. झालं की उत्तर.

शंकासुर
नाही झालं. मास्तरांनी वर काय लिहिलंय ते परत वाचा. नदीत आधी पाणी येतं आणि मग पात्र कोरलं जातं. इथे पात्रांचं पूर्ण जाळं तयार आहे आणि पाणी अजून यायचंय. तुमची उपमा पहिल्याच पायरीला घसरली.

शिवाय उपमा दिली म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: हे जनुकांत लिहिलेलं आहे. महाधमनी रोज उठून नवीन जागी होत नाही. भ्रूणाच्या मधोमध असलेल्या पृष्ठरज्जूतून निघणारे रेणू रक्तवाहिन्यांना मध्यरेषेवर येऊच देत नाहीत, म्हणून सुरुवातीला महाधमनी एक नसून डावी-उजवी अशा दोन असतात आणि पुढे त्या जुळून एक होतात. हे पाण्याने ठरवलं? बारीक फांद्यांचा फरक म्हणजे नुसती हातचूक. एकाच चित्रकाराने चारदा चित्र काढलं तरी रेघा थोड्या हलतातच.

नदीकाठ
उपमा मागे घेतो, दुसरी देतो. नदी नको, पायवाट घ्या. माळरानावर आधी सगळीकडे सारख्याच पाऊलवाटा आहेत असं समजा. माणसं चालू लागली की काही वाटा रुळतात, रुंदावतात. ज्यांच्यावर कोणी पाऊल टाकत नाही त्यांच्यावर गवत उगवतं.

सूक्ष्मदर्शी
धागा आत्ता पाहिला. भ्रूणांवर काम करण्यात काही वर्षं गेली आहेत म्हणून लिहिते, लांबेल.

नदीकाठ यांची दुसरी उपमा जवळजवळ बरोबर आहे. गंमत म्हणजे हीच गोष्ट रिचर्ड थोमा यांनी कोंबडीच्या भ्रूणाची हीच जाळी पाहून १८९३ मध्ये मांडली होती. ज्या नळीतून रक्त वेगाने वाहतं ती रुंद होत जाते, ज्यातलं वाहणं मंदावतं ती आकसते आणि शेवटी नाहीशी होते. आज आपल्याला माहीत आहे की नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना रक्ताचं घासून जाणं जाणवतं आणि त्या त्याला प्रतिसाद देतात.

मग सरळ परीक्षा अशी की हृदयच काढून घेतलं तर? १९१८ मध्ये चॅपमन यांनी नेमकं हेच केलं. रक्त फिरायला लागण्याआधी भ्रूणाचं हृदय काढलं. जाळी झाली. पण तिच्यातून मोठे फाटे काही नीट घडले नाहीत. म्हणजे जाळी विणायला प्रवाह लागत नाही, तिच्यातून झाड घडवायला लागतो. ताई, तुम्ही टॉर्चने पाहिलंत ते हे दुसऱ्या पायरीचं झाड. पहिल्या पायरीची जाळी टॉर्चने दिसत नाही.

ती पाहायची तर कवचाला खिडकी पाडावी लागते. अंडं आडवं ठेवायचं, टोकाकडून सुईने दोन-तीन मिलीलीटर पांढरा बलक ओढून घ्यायचा म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो, मग वर चिकटपट्टी लावून बारीक कात्रीने कापायचं. पट्टी नसेल तर कवचाची कपची थेट भ्रूणावर पडते. (पडली आहे. अनेकदा.) दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर पिवळ्यावर पिवळं, काहीच दिसत नाही. म्हणून चकतीच्या खाली थोडी काळी शाई सोडतात. शाई पसरते आणि त्या काळ्यावर अचानक सगळं उमटतं: मणक्यांच्या जागेचे दुहेरी ठोकळे, हृदयाची वाकडी नळी आणि कडेने लालसर कणांची रांगोळी. खोली गार असेल तर हृदयाचे ठोके तुमच्या डोळ्यांदेखत मंदावतात. कोमट मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की पुन्हा वेग घेतात. हे मी शंभरदा पाहिलं असेल, पण प्रत्येक वेळी आपणच श्वास धरून बसतो.

चांदणी
मला हे वाचताना पोटात कसंसंच झालं. कुतूहलासाठी जिवंत जीव उघडायचा हे पटत नाही.

सूक्ष्मदर्शी
चांदणी, न पटणं समजू शकते. मलाही पहिल्या वर्षी जड गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणाला वेदना जाणवण्याइतकी मज्जासंस्था नसते, एवढंच सांगते. वाद घालत नाही.

निवृत्त_मास्तर
उघडण्याची रीत फार जुनी आहे. अॅरिस्टॉटलने कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहिली आणि तीन दिवस उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय दिसतं, ते धडधडतं, असं लिहून ठेवलं. विल्यम हार्वेनेही रक्ताभिसरणावरच्या १६२८ च्या ग्रंथात या ठिपक्याचा दाखला दिला आहे. कवच काढून अंडं कोमट पाण्यात सोडलं की एक ढगासारखा पुंजका दिसतो आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. आकुंचन पावला की दिसेनासा, सैल झाला की परत हजर.

बिचाऱ्या हार्वेला एक दुवा मात्र सापडला नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? केशवाहिन्या मालपिघीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या त्या १६६१ मध्ये. तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. पुढे मालपिघीने कोंबडीच्या भ्रूणावरच्या या जाळीचीही चित्रं काढली. कोवळं_ऊन, तुमची वही त्याच परंपरेतली!

खुडूक
अवांतर: अंडं फोडल्यावर बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की लोक "अरे, यात पिल्लू होतं" म्हणून ओरडतात. तो भ्रूण नव्हे. बलक कोंबडीच्या अंडाशयातून सुटताना तिथली एखादी बारीक वाहिनी फुटते, त्याचा तो थेंब. न फळलेल्या अंड्यातही असतो.

आळशी_मांजर
म्हणजे लहानपणापासून मी विनाकारण रडत होतो.

शंकासुर
परत मुद्द्यावर. सूक्ष्मदर्शी, चॅपमनचा प्रयोग मान्य. पण हृदय काढलं की भ्रूण धड राहतो कुठे? फाटे घडले नाहीत ते प्रवाह नव्हता म्हणून की भ्रूण मरणाच्या वाटेवर होता म्हणून? आणि रक्त फिरण्याआधीच काही पेशींवर धमनीच्या रेणूखुणा असतात असं मी वाचलं आहे. मग कोण धमनी होणार ते आधीच ठरलेलं नाही का?

सूक्ष्मदर्शी
अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. खुणा असतात, खरं आहे. चकतीच्या मागच्या भागातल्या पेशींवर धमनीकडच्या आणि पुढच्या भागातल्या पेशींवर शिरेकडच्या खुणा, रक्त फिरण्याच्या आधीपासून. बराच काळ लोक हेच म्हणत होते की चिठ्ठ्या वाटून झाल्यात, आता फक्त कामाला लागायचं.

२००४ मध्ये ल नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची फार सुंदर परीक्षा घेतली. हृदय काढलं नाही. बलकाकडे जाणाऱ्या दोन धमन्यांपैकी एकीचा प्रवाह तेवढा अडवला. भ्रूण जिवंत, दुसरी बाजू नेहमीसारखी चालू. अडवलेल्या बाजूच्या जाळीत रक्त आता आपल्या धमनीतून येईना, पलीकडून उलटं येऊ लागलं. आणि तो धमनीचा प्रदेश शिरेसारखा झाला! आकारानेही आणि रेणूखुणांनीही. अडथळा काढून प्रवाह पूर्ववत केला की पुन्हा धमनीकडे वळला. म्हणजे चिठ्ठी वाटलेली असते, पण पेन्सिलीने लिहिलेली.

फिल्म घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वाढत्या धमनीला सुरुवातीला आजूबाजूच्या पुष्कळ बारीक नळ्या चिकटलेल्या असतात. त्यातल्या काही धमनीपासून तुटतात आणि नंतर जाऊन शिरेला जुळतात. कुठली तुटणार, कुठली राहणार हे त्या त्या जागच्या क्षणाच्या प्रवाहावर. ताईंच्या वहीतली चार चित्रं इथे वेगळी होतात.

शंकासुर, तुमचंही अर्धं बरोबर आहे. हा लवचिकपणा कायमचा नसतो. लावा पक्ष्याच्या भ्रूणातल्या वाहिनीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवून पाहिलं तर साधारण पहिल्या आठवड्यातला तुकडा धमनीतही सामावतो आणि शिरेतही. पुढे त्याचा हट्ट वाढत जातो.

शंकासुर
अर्धं बरोबर हे या धाग्यावर मला मिळालेलं सर्वोच्च प्रशस्तिपत्र समजतो. हातचूक हा शब्द मागे घेतो. महाधमनी घेत नाही.

गुरांचा_डॉक्टर
महाधमनी निघालीच आहे तर: आपली हृदयातून निघून डावीकडे वळते, पक्ष्यांची उजवीकडे. भ्रूणात सुरुवातीला दोन्ही बाजूंना कमानी असतात. सस्तनात चौथी डावी टिकते, पक्ष्यात चौथी उजवी. बाकी गोंधळ वाढवायला निघतो.

चांदणी
थांबा, गोंधळ मलाही घालायचा आहे. लाल वाहिनी धमनी आणि काळपट वाहिनी शीर, हे शाळेत पाठ केलेलं. भ्रूणाला फुप्फुसं चालू नाहीत. मग अंड्यात लाल कोण?

गुरांचा_डॉक्टर
अंड्यात उलटं असतं. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कवचाच्या आतल्या अंगाला दुसरी एक जाळी पसरू लागते. कवचाच्या हजारो छिद्रांतून येणारा प्राणवायू तीच घेते. भ्रूणाकडून तिच्याकडे जाणारी धमनी काळपट आणि तिथून परत येणारी शीर लालभडक. ही जाळी साधारण बाराव्या दिवसापर्यंत अंड्याचं आतलं सगळं अंग मढवते. पिल्लाचं ते बाहेरचं फुप्फुसच म्हणा.

उलट उदाहरणही देतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पडद्यात वाहिन्याच नसतात. आपल्या असतात. त्यांच्याकडे डोळ्याच्या आत कंगव्यासारखी एक घडीदार वाहिन्यांची झालर असते, पोषण तिथून पाझरतं. म्हणजे वाहिन्या कुठे न्यायच्या नाहीत हेही भ्रूणाला ठरवावं लागतं.

नदीकाठ
फांद्यांच्या जाडीबद्दल एक भर. सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये हिशेब मांडला की रक्त ढकलण्याचा खर्च आणि रक्त सांभाळण्याचा खर्च मिळून कमीत कमी व्हायचा असेल, तर मोठ्या नळीच्या त्रिज्येचा घन हा तिच्या फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका हवा. दोन सारख्या फांद्या फुटल्या तर प्रत्येकीची त्रिज्या मूळच्या ०.७९ पट. निम्मी नव्हे. ताई, वहीतल्या रेघा मोजून बघा. अगदी जुळणार नाही, पण तुम्ही निम्म्या जाडीच्या काढल्या असतील असं वाटतं.

कोवळं_ऊन
निम्म्याच काढल्या होत्या! आज परत पाहिलं तर खरंच, फाटा फुटला तरी फांद्या चांगल्याच जाड राहतात. आपण डोळ्यांनी नाही, सवयीने चित्र काढतो.

निवृत्त_मास्तर
फ्लॉरेन्स सेबिन यांची आठवण झाली. कोंबडीच्या भ्रूणाची चकती काचेखाली जिवंत ठेवून, त्यात वाहिन्या कशा होतात आणि तांबड्या पेशी कशा जन्मतात ते त्यांनी बसून पाहिलं आणि १९२० मध्ये प्रसिद्ध केलं. रंगवलेले मृत काप पाहून तर्क करण्याचा तो जमाना होता. त्यांनी घडताना पाहिलं. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

आळशी_मांजर
मी अजून बसलोय. एकविसावा दिवस कधी?

कोवळं_ऊन
आज! एकाने काल रात्री चोच मारली. चौदा तास झाले, भोक तेवढंच. धीर धरवला नाही. चिमट्याने भोकाच्या कडेची कपची उचलली, आतला पातळ पापुद्रा किंचित फाटला आणि रक्ताचा टपोरा थेंब आला. हात थरथरतोय. काय करू?

खुडूक
चिमटा खाली ठेवा. आत्ता. ओल्या पापुद्र्यावर लाल रेघा दिसतायत ना? म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या जाळीत अजून रक्त आहे. पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलं की ते रक्त हळूहळू आत ओढलं जातं, मगच ते कवच कापत फिरतं. तुम्ही मध्येच ओढलंत तर त्याच्याच रक्तवाहिन्या फाटतात. एक थेंब येऊन थांबला असेल तर झाकण लावा, ओलावा वाढवा आणि खोलीतून बाहेर जा. चोच मारल्यापासून चोवीस तास लागू शकतात.

चांदणी
काय झालं?

चांदणी
ताई??

कोवळं_ऊन
तिघं बाहेर. चिमटेवालं सगळ्यात शेवटी, पहाटे चारला, आणि तेच सगळ्यात जास्त ओरडतंय. चौथ्याने चोच मारलीच नाही, अजून दोन दिवस ठेवते.

रिकामी कवचं उजेडात धरून पाहिली. आतल्या पापुद्र्यावर वाळलेल्या वाहिन्यांची नक्षी जशीच्या तशी आहे, तपकिरी. वही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. एकही जुळत नाही. कवचं तर एकमेकांशी जुळत नाहीतच, पण आपलं पाचव्या दिवसाचं चित्र त्याच अंड्याच्या कवचाशीही जुळत नाही. फाटे इतके बदलले?

सूक्ष्मदर्शी
फाटे बदलले नाहीत, जाळीच वेगळी आहे. कवचाला चिकटलेली ती डॉक्टरांची श्वासाची जाळी. तुम्ही पाचव्या दिवशी काढलेली बहुतेक बलकावरची होती. उबण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक त्याच्या पिशवीसकट पिल्लाच्या पोटात ओढला जातो, वाहिन्यांसकट.

आळशी_मांजर
म्हणजे जे तीन ओरडतायत, त्यांनी ताईंची वही खाल्ली.

कोवळं_ऊन
चौथ्या अंड्याला आत्ता कानाशी धरलं. आतून टकटक येतंय. चिमटा शेजाऱ्यांकडे देऊन आले आहे.